नागपुरात दुपार कुठं काढता? बागा, तलाव, सावलीच्या जागा

पांदणवाट (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी.

बाबांच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला नागपूरला जावं लागतं. पहाटेची गाडी धरून दवाखाना गाठतो. चिठ्ठी, रक्त, ईसीजी हे सगळं साडेअकरापर्यंत आटोपतं. रिपोर्ट मिळतो चारनंतर आणि तो पाहिल्याशिवाय डॉक्टर गोळ्या लिहून देत नाहीत. मधली सगळी दुपार मोकळी. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पेशंटलाच जागा पुरत नाही, तिथं सोबतच्यांनी कुठं बसायचं? तेवढ्या वेळासाठी लॉजचं भाडं देणं जिवावर येतं. हॉटेलात चहा घेतला की थोडा वेळ बसू देतात, मग पोऱ्या टेबल पुसायला लागतो. मॉलमध्ये बाबा येत नाहीत. धोतर-टोपीतल्या माणसाकडं तिथला गार्ड ज्या नजरेनं पाहतो ती त्यांना सोसत नाही, आणि मलाही नाही.

मागच्या खेपेला ऑटोवाल्याला म्हटलं, जवळच्या एखाद्या बागेत सोड. त्यानं सोडलं, तर फाटकाला कुलूप. बाग फक्त सकाळी आणि संध्याकाळी उघडी, अशी पाटी. जाळीतून आत पाहिलं तर कडुनिंबाची गर्द सावली, रिकामी बाकं, नळ. आणि आम्ही बाहेर डांबरावर, मार्चच्या उन्हात. बाबा काही बोलले नाहीत. दुपट्टा डोक्यावर घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

तर विचारायचं हे की भर दुपारी उघडी असणारी, म्हाताऱ्या माणसाला टेकता येईल, जमलं तर आडवं होता येईल अशी हिरवी जागा नागपुरात कुठं आहे? पाणी आणि संडास असावा. पुढं एप्रिल-मे आहे, म्हणून जास्त काळजी आहे. तुम्हीही खेड्यापाड्यांतून शहरात जाता. तुम्ही काय करता तेही लिहा.

---

वरुडचा_संत्रा

महाराजबाग. दुसरा विचार करू नका.

भोसल्यांच्या वेळची बाग आहे. इंग्रजांनी १८९४ मध्ये तिथं प्राणिसंग्रहालय केलं. आता कृषी महाविद्यालयाकडं म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. प्राणिसंग्रहालय असल्यामुळं तिकीट पडतं, पण फार नाही, आणि त्याच कारणानं ती दिवसा उघडी असते. झाडं जुनी, उंच. एकदा आत गेलं की कुणी उठवत नाही. बर्डीवरून (सीताबर्डी) अगदी जवळ. फक्त आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते निघण्याआधी विचारून घ्या, नाही तं तिथंही कुलूपच दिसंल.

---

गणेशपेठ_जुना

महाराजबाग चांगलीच आहे, पण ज्यांना बसस्टँडच्या आसपासच राहायचं असतं त्यांच्यासाठी गांधीसागर लिहून ठेवतो.

जुने लोक याला शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात. गणेशपेठ स्टँडवरून चालत जाता येतं, पिशव्या फार नसल्या तर. काठावर बसायला जागा आहे, तलावाच्या मधोमध बेटावर शंकराचं मंदिर आणि बाग आहे. पाण्यावरून वारा येतो, तेवढ्यानंही फरक पडतो. पाण्याला कधी कधी वास येतो हे खरं, ते लपवत नाही.

समोरच रमण विज्ञान केंद्र. सोबत लेकरं असतील तर ऊन उतरेपर्यंत तिथं छान वेळ जातो, तारांगण आहे, बाहेर खेळ-प्रयोगांची बाग आहे. ते १९९२ पासून आहे, म्हणजे आता जे बाप आपल्या पोरांना नेतात ते स्वतः शाळेच्या सहलीत तिथं आलेले असतात.

याच भागात टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. आपल्या वऱ्हाडचा कापूस तिथं जायचा. आता मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. कापूस पिकवणाऱ्याला त्याच मातीवर दोन घटका बसायला सावली मिळावी असं मला मनापासून वाटतं.

---

पांढरकवडा_७७

पांदणवाट भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याच तालुक्याला लागून टिपेश्वर आहे. जगभरचे लोक वाघ पाहायला तिथं येतात. तुमच्या घरामागं शेत, नाला, झाडं. आणि तुम्ही नागपुरात बाग शोधून रायले? शहरातली बाग म्हणजे चार पाम, एक बंद पडलेलं कारंजं आणि 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी. ते शहरवाल्यांना लागते, आपल्याला काहून पायजे?

---

पांदणवाट

कारण त्या वेळेला मी टिपेश्वरला नसतो, नागपूरला असतो, भाऊ. आणि माझ्यासोबत ज्याला दहा पावलं चालली की दम लागतो असा माणूस असतो.

घरामागची झाडं म्हणाल तर धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ-निंब कधीच गेली. सोयाबीन आलं, ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून धुरेच अरुंद झाले. माझ्या नावातली पांदण आता मुरूम टाकून पक्की केली, दोन्ही बाजूंची झुडपं काढून. रस्ता पाहिजे होताच, पावसाळ्यात बैलबंडी फसायची. पण सावली गेली ती गेली.

---

वैनगंगा_अलीकडं (ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

@पांढरकवडा_७७, तुमच्या प्रश्नावर मला थोडं लांब लिहायचं आहे.

आमच्या घरापासून जंगल हाकेच्या अंतरावर. पण जंगलात आम्ही बसायला जात नाही, कामाला जातो. मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच मोहफुलं वेचायला. मे महिन्यात तेंदूपत्ता. नंतर सरपण, पावसाळ्यात सात्या (रानातली अळंबी). हे सगळं खाली वाकून, झाडाकडं पाठ करून करायचं काम आहे. आणि गेल्या काही वर्षांत ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या पट्ट्यात मोहफुलं वेचताना, तेंदू तोडताना माणसं वाघानं मारली. आमच्या गावात आई बाहेर पडली की ती परत येईपर्यंत घरातलं कुणी नीट जेवत नाही. झाडाखाली डोळे मिटून बसणं ही आमच्याकडं जंगलात करायची गोष्ट राहिली नाही.

मी नागपूरला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी राहतो. खोली वरच्या मजल्यावर, टिनाची. एप्रिलपासून दुपारी आत बसताच येत नाही. अभ्यासिकेची फी भरायला काही महिने पैसे नसतात. तेव्हा मी पुस्तकं घेऊन अंबाझरी तलावाच्या बाजूला जातो, मेट्रोनं सुभाषनगरला उतरून. माझ्यासारखी खूप पोरं असतात. गोंदिया, भंडारा, देवरी, अहेरी. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. पहिल्यांदा एका मोठ्या झाडाखाली पाठ टेकवून, मागं न पाहता सलग वाचत बसलो, तेव्हा किती वर्षांनी आपण असं बसलो हे जाणवलं.

म्हणून म्हणतो, बाग आणि जंगल यांची तुलना करू नका. दोन्हींची गरज वेगळी आहे.

---

पांढरकवडा_७७

पटलं. मी तसा विचार केला नव्हता. वाघाचं तर आमच्याकडंही तसंच आहे, कापूस वेचायला बाया एकट्या जात नाहीत.

---

बुलडाणेकर_ताई

दीक्षाभूमीचं आवारही लक्षात ठेवा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं धम्मदीक्षा दिली ती जागा. स्तूपाजवळ बोधिवृक्ष आहे. आम्ही वर्षाच्या एरवीच्या दिवसांतही जातो. तिथं मोठ्यानं बोलत नाहीत, पण बसायला कुणाची आडकाठी नसते. माझ्या सासूबाईंना तिथं बसलं की बरं वाटतं.

---

सुनंदा_आर्वी

मी एरवी नुसती वाचते, लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी नागपूरला शिकते, होस्टेलवर असते. महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला भेटायला जाते, सोबत लोणचं, ज्वारीचं पीठ, जे असेल ते. तिचं कॉलेज सुटतं संध्याकाळी. मी पोचते सकाळीच, कारण आमच्याकडची सोयीची गाडी तीच. मधला वेळ मी सेमिनरी हिल्सच्या बाजूला काढते. टेकडी आहे, झाडी दाट आहे, वनखात्याच्या बागा आहेत. पूर्वी तिथं लहान मुलांची वनबाला नावाची झुकझुक गाडी होती, माझी मुलगी लहानपणी तिच्यात बसली होती.

आता जे लिहिते ते गड्यांनी नीट वाचावं.

गावात बाई नुसती बसलेली कुणी पाहिली आहे का? पार आहे, पण तो गडीमाणसांचा. देवळाच्या ओट्यावर घडीभर टेकलं तर येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारते, "काहून बसली वं? घरी काही झालं काय?" शेतात गेलं की निंदण, वेचणी, काही ना काही. पाण्याला विहिरीवर जायचो तेव्हा तेवढं निमित्त होतं, आता घरात नळ आला. नळ आला हे चांगलंच झालं, माझी कंबर वाचली. पण चार बायांनी एका झाडाखाली थांबायचं ते ठिकाण संपलं. घराच्या अंगणात बसले तरी हातात तांदूळ निवडायचं सूप लागतं, नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

सेमिनरी हिल्सला मी झाडाच्या बुडाशी बसते. डबा खाते. एकदा पदर तोंडावर घेऊन चक्क झोपले. बाजूला एक कुटुंब होतं, त्यांच्या जवळपासच जागा धरली होती, म्हणून धाक वाटला नाही. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी कुणाची सून, कुणाची बायको, इथं का आली, काहीच नाही. लग्नानंतर दिवसाउजेडी उघड्या हवेत मी अशी पहिल्यांदा झोपले.

शहरातल्या बायांना यात विशेष वाटणार नाही. मला ती जागा फार मोलाची आहे. त्या बागांमध्ये बायांसाठी स्वच्छ संडास असावा आणि तो उघडा असावा, एवढंच मागणं आहे. कुलूप असलं की दिवसभर पाणी न पिता बसावं लागतं, उन्हाळ्यातही. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिलं.

---

वैनगंगा_अलीकडं

सुनंदाताई, तुमची पोस्ट मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मलाही एकदा ने तिकडं.

---

वरुडचा_संत्रा

ताई, पाण्याची गोष्ट खरी आहे. आमच्या घरच्या बायाही नागपूरला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. माझ्या लक्षात आलं होतं, कारण लक्षात आलं नव्हतं.

---

माळ्याचा_पोरगा (ता. पवनी, जि. भंडारा)

माझे वडील शहरातल्या एका बागेत माळी होते, निवृत्त झाले. बाग दुपारी का बंद असते ते मला घरातून माहीत आहे, म्हणून सांगतो.

पहिलं कारण माणसं. एका बागेला एक चौकीदार, तो सकाळी लवकर येतो आणि संध्याकाळी गर्दीला परत लागतो. मधल्या वेळात त्याला जेवायला, विसाव्याला जायचं असतं. दुसरा माणूस दिलेलाच नसतो. दुसरं कारण तक्रारी. दुपारी जोडपी येऊन बसतात, पत्ते खेळतात, दारू पितात, अशा तक्रारी आसपासचे रहिवासी करतात. काही खऱ्या असतात, काही नुसत्या जोडप्यांना पाहून केलेल्या. या सगळ्यावर कुलूप हा सगळ्यात स्वस्त बंदोबस्त असतो. ज्यांचं घर शेजारी आहे ते सकाळी फिरायला येतात, संध्याकाळी पोरं घेऊन येतात. त्यांचं काहीच अडत नाही, म्हणून दुपारच्या कुलपाबद्दल तक्रार करणारा कुणी नसतो. तुमच्या-आमच्यासारखा बाहेरगावचा माणूस फाटक पाहून निघून जातो, तो अर्ज कुठं देणार?

दुसरी एक गोष्ट झाडांची. नव्या बागा करताना हिरवळ फार लावतात. दिसायला चांगली दिसते. पण हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी, कापणी, आणि सावली शून्य. वडील नेहमी म्हणायचे की बाग एप्रिलमध्ये येऊन पाहा, दिवाळीत नाही. एप्रिलमध्ये साग उघडा असतो, पळस फुलून गेलेला आणि विरळ. गुलमोहर फुलतो सुंदर, पण सावली पातळ आणि वादळात फांद्या मोडतात. त्याच महिन्यात करंज नव्या पानांनी भरलेला असतो. कडुनिंब नुकता पालवून दाट झालेला. वड, चिंच, आंबा, जांभूळ हे तर उन्हाळ्याचे आधारच. ज्या बागेत ही झाडं आहेत तिथं दुपारी बसता येतं. पाम लावलेल्या बागेत खांबाला टेकून बसल्यासारखं वाटतं.

बाहेरगावच्यांनी बाग निवडताना वरच्या झाडांकडं पाहून निवडावी, कारंज्याकडं नाही.

---

गणेशपेठ_जुना

फार चांगली माहिती. करंजाचं मी पहिल्यांदा ऐकतोय. आता रस्त्यावरून जाताना पाहीन.

---

दर्यापूर_ते_दादर

मुंबईचंही थोडं लिहितो, कारण कॅन्सरच्या उपचारासाठी आपल्या भागातून परळला जाणारे खूप आहेत. घरात कुणाला तसं दुखणं निघालं की नागपूरची दुपार छोटी वाटते, कारण तिथं महिने काढावे लागतात.

दादर पूर्वेला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, रुग्ण आणि सोबतच्यांसाठी. बाबा आपल्याच मातीतले, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. जन्म १८७६, आणि १९५६ मध्ये वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. शाळा-धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडी बांधली नाही. आम्ही त्या धर्मशाळेत होतो. आईचे केमोचे दिवस झाले की दोन-तीन दिवस तिला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. मग संध्याकाळी तिला हळूहळू माटुंग्याच्या बाजूला पाच उद्यानांत न्यायचो. दादर पारशी कॉलनीच्या मधोमध एकाला लागून एक अशी पाच मोकळी मैदानवजा उद्यानं आहेत, भोवती जुने प्रचंड वृक्ष. मुंबईत इतकी शांत जागा असेल असं वाटत नाही. आई तिथं थोडी भाकरी खायची. खोलीत खायची नाही, तिथं खायची.

सायनकडं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. धारावीच्या कडेला, मिठी नदीजवळ. ती जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होती, कचऱ्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. आता आत गेलं की जंगलच. कचऱ्याच्या ढिगावर एवढी झाडी उभी राहू शकते हे आपल्या तालुक्याच्या नगरपंचायतींनी जाऊन पाहिलं पाहिजे.

भायखळ्याची राणीची बाग सगळ्यांना माहीत असते, १८६० च्या दशकातली. सगळे पेंग्विन पाहायला जातात, पण तिथले खरे मोठे धन म्हणजे जुनी झाडं. बुधवारी बंद असते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, पण पेशंट घेऊन तेवढं लांब जाणं होत नाही.

---

पांदणवाट

दादा, आई आता कशी आहे?

---

दर्यापूर_ते_दादर

बरी आहे. गावी आहे. अंगणात तिनं बकुळीचं रोप लावलंय, मुंबईहून आणलेलं.

---

लक्ष्मीनगर_रहिवासी (नागपूर)

मी नागपूरचाच. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आमच्या घराशेजारच्या बागेत दुपारी फाटक उघडं ठेवलं होतं काही दिवस. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या, जेवणाच्या पत्रावळी, झाडाच्या बुडाशी थुंकलेलं. झोपलेल्या माणसांमुळं लहान मुलांना बाकावर जागा नाही. तक्रार करणाऱ्यांत मीही होतो. बाहेरगावच्या माणसाला बसायला जागा हवी हे मला मान्य आहे, पण बागेची देखभाल आमच्या मालमत्ता करातून होते आणि घाण आमच्या दारात राहते. यावर काय उपाय आहे?

---

पांदणवाट

रास्त आहे. खर्रा खाऊन थुंकणारा माझ्या गावचाही असेल, मी त्याची बाजू घेणार नाही. तुमच्याच शहरातले थुंकणारेही त्यात असतील, तेही तुम्ही जाणता.

कराचं म्हणाल तर आमचा कापूस, तूर, संत्रा, दूध तुमच्या बाजारातून जातं. आमच्या तालुक्यात हृदयाचा डॉक्टर नाही म्हणून आम्ही येतो, हौसेनं येत नाही. शहर भोवतालच्या सगळ्या गावांनी मिळून चालतं, तेव्हा त्यातला थोडा वाटा सावलीचा आम्हाला मिळावा. उपाय म्हणून कुलपापेक्षा दुपारचा एक चौकीदार आणि दोन कचराकुंड्या, एवढं पुरेल. चौकीदारानं थुंकणाऱ्याला दंड करावा. झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवू नये.

---

लक्ष्मीनगर_रहिवासी

दुपारच्या चौकीदाराची मागणी आमच्या वॉर्डातूनही करता येईल. मी त्यावर सही करायला तयार आहे.

---

वैनगंगा_अलीकडं

यात एक जोडतो. आमच्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर बांबूचाही अधिकार आला. तिथं जंगलाचे नियम जंगल वापरणारी ग्रामसभा ठरवते, बायांसकट, सगळ्यांच्या सहमतीनं. शहरातल्या बागेचे नियम मात्र बाग न वापरणारा कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतो. दुपारी बाग कुणाला लागते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

---

उन्हाळी_भुईमूग

मी आरोग्य विभागात काम करतो, तालुका पातळीवर. एक उपयोगाची गोष्ट सांगतो.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये उष्णतेच्या लाटेत खूप माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णता कृती आराखडा केला, देशातला पहिला. नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. अशा आराखड्यांत लाट असताना सार्वजनिक उद्यानं दुपारी उघडी ठेवणं, पाणपोया लावणं हे उपाय असतात. म्हणजे तुम्ही काही नवं किंवा जगावेगळं मागत नाही. उन्हाळा लागण्याआधी उद्यान विभागाला आणि आरोग्य विभागाला एकाच पत्राच्या दोन प्रती द्या, आणि पत्रात कृती आराखड्याचा उल्लेख करा. नुसतं "बाग उघडा" म्हटलं तर तो अर्ज उद्यान विभागाच्या टेबलावर पडून राहतो. "उष्माघात" हा शब्द आला की तो आरोग्याकडं जातो आणि तिथं उत्तर द्यावं लागतं.

आणि पांदणवाट, वडिलांच्या गोळ्यांत लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हात त्यांना पाणी किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा. हृदयाच्या पेशंटला पाणी मोजून सांगितलेलं असतं, उन्हाळ्यात ते बदलावं लागतं. मनानं कमी-जास्त करू नका.

---

पांदणवाट

ही गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. विचारतो. आभार.

---

सावनेरची_सून

थोडं बाजूचं, पण राहवत नाही. अंबाझरीचा विषय निघाला म्हणून. तलाव १८७० चा, शहराला पाणी द्यायला बांधलेला. २३ सप्टेंबर २०२३ ला रात्रीत इतका पाऊस झाला की तो ओसंडून खालच्या वस्त्यांत शिरला. माझी नणंद तिथं राहते, घरात गळ्याइतकं पाणी. मोकळ्या जागा, नाल्याकाठची झाडी भरून टाकली की पाण्यालाही बसायला जागा राहत नाही. बागा, तलावाचे काठ हे फक्त फिरण्यासाठी आहेत असं समजू नका. बाकी चालू द्या.

---

पांदणवाट

मंडळी, परवा जाऊन आलो. महाराजबागेत गेलो.

आमच्याकडून येणारी गाडी वर्धा रोडनं शहरात शिरते. या वेळी दवाखाना आटोपल्यावर ऑटोऐवजी मेट्रोनं बर्डीला आलो. स्टेशनांत लिफ्ट आहे, बाबांना जिना चढावा लागला नाही. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत त्यांनी हा मार्ग धरावा. बर्डीवरून बागेपर्यंत ऑटो केला, ते अंतर बाबांना चालवलं नसतं.

तिकीट काढून आत गेलो. पिंजऱ्यांकडं आम्ही गेलोच नाही. एका मोठ्या झाडाखाली दुपट्टा अंथरला आणि बाबा आडवे झाले. आजूबाजूला आमच्यासारखेच होते. एक जण वाशीमकडचा, मुलाच्या ऑपरेशनसाठी आलेला. एक बाई तुमसरची, नातीला घेऊन. सगळ्यांच्या हातात दवाखान्याच्या फाइली, आणि सगळे एकमेकांना आपापल्या दुखण्यांचं, डॉक्टरांचं सांगत होते. वाशीमवाल्यानं एक औषध कुठं स्वस्त मिळतं ते सांगितलं, त्यानं माझे बरेच पैसे वाचले. बाबा झोपून उठले आणि तुमसरच्या बाईशी धानाच्या भावावर बोलत बसले. कापूसवाल्याला धानाचं काय कळतं, पण दोघं तावातावानं बोलत होते.

पत्राचा मसुदा केला आहे. उद्यानं दुपारी उघडी ठेवावीत, निदान एप्रिल ते जून. मोठ्या दवाखान्यांच्या आणि बसस्टँडच्या जवळच्या बागा आधी घ्याव्यात. दुपारपाळीचा चौकीदार द्यावा. पिण्याचं पाणी असावं. नवी झाडं लावताना करंज, निंब, चिंच, वड लावावेत. कृती आराखड्याचा उल्लेख केला आहे. लक्ष्मीनगरचे दादा सही देणार आहेत. अजून कुणाला जोडायचं असेल तर सांगा, सोमवारी टाकतो.

---

सुनंदा_आर्वी

भाऊ, बायांचा संडास राहिला.

---

पांदणवाट

जोडला, ताई. पहिल्या क्रमांकावर घेतला आहे: बायांसाठी स्वच्छ संडास, बाग उघडी असेल तोवर उघडा, चावी चौकीदाराकडं न ठेवता. तुमचं नाव घालू का सहीत?

---

सुनंदा_आर्वी

घाला. आणि माझ्या मुलीचंही घाला, ती नागपूरलाच असते, तिच्या मैत्रिणींच्या सह्या ती गोळा करते म्हणाली.

---

माळ्याचा_पोरगा

झाडांच्या यादीत जांभूळही घ्या. वडिलांना दाखवलं पत्र, ते म्हणाले रोपं जुलैत लावायला सांगा आणि कमरेइतकी उंच घ्यायला सांगा, लहान रोपं पहिल्या उन्हाळ्यात जळतात. पाच वर्षं जगवण्याची जबाबदारी ठेकेदारावर लिहून घ्यावी, असंही म्हणाले.